पुढची सीट

शुक्रवार, २० नोव्हेंबर १९९८, सकाळी सात चाळीस. उम्म अल क्वैनजवळच्या छोट्या धावपट्टीवरून दुहेरी पंखांचं पिवळं, जुनं विमान हवेत गेलं. मागच्या सीटवर वैमानिक रणजित. पुढची सीट रिकामी.

विमान १९४३ सालचं. मुरलीधरनं त्याचा नुसता सांगाडा आणला आणि सहा वर्षं प्रत्येक शुक्रवारी खपून ते उभं केलं. पंखांचं कापडही त्यानं हातानं शिवलं. "माझा ब्लाउज उसवला की यांना सुई सापडत नाही," बायको, स्मिता, थर्मास उघडत म्हणाली. पण शारजात त्यांच्या अल मजाज वस्तीतल्या अर्ध्या ओळखीच्यांना फोन करून तिनंच बोलावलं होतं.

उड्डाणाआधी रणजितनं हाक मारली होती, "यल्ला, मुरली! बस पुढे."

"पहिल्या फेरीत सीट रिकामी ठेवायची. नियम आहे."

नियम उलटा होता. ओझरच्या विमान कारखान्यात तो काम शिकला, तिथे विमान उडण्याजोगं आहे अशी सही करणाऱ्यानंच पहिल्या फेरीत बसायचा रिवाज होता. उघड्या विमानाची मुरलीधरला भीती वाटते, हे स्मितालाही माहीत नव्हतं.

रिकाम्या सीटचा पट्टा वाऱ्यानं उडून कुठे अडकू नये म्हणून त्यानं तो सीटच्या पाठीशी घट्ट आवळला. मेणाच्या दोऱ्यानं गाठ मारली. वहीत लिहिलं : माणसं, एक. खाली सही.

वर सोबतीला हनीफचं लाल विमान होतं. मुरलीधरच्या हातातल्या वायरलेसवर त्याचा आवाज आला.

"रणजित, आगे वाले को बोलो, हाथ अंदर रखे."

खरखर.

"आगे कोई नहीं है, हनीफ."



सव्वाआठला पिवळं विमान उतरलं, इतकं अलगद की चाकं टेकल्याचं कळलंही नाही. टाळ्या पडल्या. स्मितानं डोळे पुसले. मुरलीधरचा ऊर भरून आला आणि त्यानं ते लपवलं नाही.

हनीफ जवळ आला. मुरलीधरच्या निळ्या डगल्याकडे, मळक्या पांढऱ्या टोपीकडे बघत राहिला.

"तुम नीचे ही थे?"

"और कहाँ?"

मुरलीधर पुढच्या सीटवर वाकला.

गाठ त्याचीच होती. दोरा शाबूत होता.

तरी पट्टा सीटच्या पाठीपासून पुढे आला होता. त्यानं टेप लावून मधलं अंतर मोजलं. साडेनऊ इंच.

वहीत दोष नोंदवला की तपासणी होईपर्यंत विमान जमिनीवर. मागे टाळ्या अजून चालू होत्या.

त्यानं नोंदवला. कारणाचा रकाना कोरा सोडला.

तपासणीत तीन आठवडे गेले. काही सापडलं नाही. पट्ट्याला मुरलीधरनं कुणाला हात लावू दिला नाही.

११ डिसेंबरला तो स्मिताला म्हणाला, "आज मी बसतो."

"इतके दिवस घाबरत होतात की काय?"

"हो."

स्मिता हसली नाही.

त्यानं दोरा कापला. पट्टा आपल्या भरदार छातीवरून घेतला, कडी लावली.

बोटभरही सैल करावा लागला नाही. बोटभरही आवळावा लागला नाही.

त्यानंतर रिकाम्या सीटचा पट्टा तीन वर्षं हलला नाही.

मार्च २००२ मध्ये विमानाला नवं इंजिन बसवलं. मुरलीधर भारतात होता. सही दुसऱ्या मेकॅनिकनं, जहूरनं केली आणि पहिल्या फेरीला तो खालीच थांबला. विमान उतरल्यावर वहीत नोंद झाली : गाठ शाबूत, पट्टा सात इंच सैल.

जहूर अंगानं किरकोळ आहे.