बन्सीचा लाल ठिपका

ही गोष्ट खरी आहे.

मी एरवी फेकतो, हे उस्मानपुऱ्यातल्या कुत्र्यांनाही ठाऊक आहे. म्हणून शपथ घेत नाही. पण हे घडलं माझ्या मावसभावाच्या, सांडूच्या बाबतीत, आणि सांडूला थाप मारता येत नाही. तेवढी कल्पनाशक्तीच त्याच्यात नाही.

साल २०१६, मे महिना. वाळूजचा एक कारखाना, नाव सांगत नाही.

वेळ भर दुपारची.

भूत रात्री येतं म्हणतात. येत असेल. पण सांडूची फर्स्ट शिफ्ट होती.

कारखान्यात गाड्यांच्या स्टिअरिंगचे लोखंडी दांडे बनायचे. तयार दांडे शेवटी काळे पडदे लावलेल्या एका बूथमध्ये यायचे. आत मिट्ट काळोख आणि एक जांभळा दिवा. दांड्यावर हिरवट पाणी ओतायचं. केसाएवढी जरी चीर असली, तरी त्या उजेडात ती हिरवीगार चमकून उठते. चीर दिसली, की टोकाला लाल पेंटचा ठिपका आणि दांडा लाल पेटीत. नाही दिसली, तर पुढं कुणाच्या तरी गाडीत.

सोपं आहे ना?

नाही. ओरखडाही चमकतो. तेलकट बोटाचा डागही चमकतो.

करमाडचा सांडू तिथं नवा ट्रेनी. त्याला शिकवायला जहांगीरभाई.

"ढुंडू नक्को रे," जहांगीरभाई म्हणायचे. "ढुंडेगा तो हर जगा दिखेगी. पीस घुमा, और उसको आने दे."

"आन् शंका आली तर?"

"पोंछ. फिर पानी डाल. लकीर वापस आयी, तो सच्ची."

"आन् सुटली तर?"

जहांगीरभाईंनी बाजूच्या रिकाम्या स्टुलाकडं पाहिलं.

"बन्सी बैठता था इधर. खब्बू था, ठिपका हमेशा बाएँ सिरे पे लगाता. उसकी जीप एक मोड पे मुडीच नई."

त्या जीपमधला दांडा कुणी पास केला होता, हे कुणी विचारलं नाही.

महिनाभरात सांडूला सगळीकडं चिरा दिसायला लागल्या. भाकरीवर. भिंतीवर. मावशीच्या टाचांवर... तिथं त्या होत्याच. चांगले दांडेही लाल पेटीत पडू लागले, तसा सुपरवायझर ओरडला. मग सांडूनं हात सैल सोडला. पण एक जरी चिरलेला दांडा बाहेर गेला असता, तर सांडूही बाहेर गेला असता. आणि दांडा ज्याच्या गाडीत, तो तर कायमचा.

अशातच एका दुपारी...

खड... खड... खड...

पेंटच्या मार्करमध्ये एक गोळी असते. मार्कर हलवला, की ती वाजते.

सांडूचा मार्कर तर खिशात होता.

त्यानं पडदा सारला. बाहेर कुणीच नव्हतं. ऊन होतं फक्त.

परत फिरला, तर नुकत्याच पास केलेल्या दांड्यावर...

ठिपका.

जांभळ्या उजेडात लाल रंग काळा दिसतो. ठिपका ओला होता. डाव्या टोकाला होता.

सांडूनं दांडा पुसला, पाणी ओतलं. हळूहळू एक हिरवी रेघ वर आली. खरी चीर!

दुसऱ्या दिवशी पुन्हा खडखड. पुन्हा ठिपका. पुन्हा चीर.

दुसरा कुणी असता, तर नोकरी सोडून पळाला असता. सांडूनं काय करावं? स्टुलावर चहा ठेवायला सुरुवात केली.

"चाललंय ते चांगलंच हाय की," मला म्हणाला. "माझ्यापेक्षा त्याची नजर लई पक्की. पगार नाय, सुट्टी नाय, युनियन नाय."

"अरे, पण भूत आहे ते!"

"असंल. पर कामाचंय."

हळूहळू सांडूनं बघणंच सोडलं. दांडा नुसता फिरवायचा आणि खडखड होते का, ते ऐकायचं. नाही झाली, की पास. डोळ्यांचं काम त्यानं कानांवर टाकलं आणि कानांचं भुतावर.

साहेब खूश. सांडू पर्मनंट होणार, असं ठरलं.

त्याच आठवड्यात शिफ्ट सुटताना जहांगीरभाई बूथमध्ये आले. मोटारसायकलनं लेकीकडं, खुलताबादला निघाले होते. दौलताबादच्या घाटानं.

"चलता हूँ रे. बिल्किस ने खाने पे बुलाया."

ते वळले...

खड... खड... खड...

या वेळी आवाज पडद्याबाहेरून नाही आला. स्टुलावरून आला.

जहांगीरभाईंच्या मानेवर, डाव्या बाजूला, ओला ठिपका होता. आणि कानामागून कॉलरपर्यंत एक हिरवी रेघ.

सांडूनं फडकं घेतलं आणि मान पुसली.

"क्या कर रहा बे?"

सांडूनं पाणी ओतलं.

"अबे, पागल हुआ क्या?"

रेघ परत आली.

आता, मानेला घडी असते. घडीत पाणी साचतं, आणि साचलेलं पाणी चमकतं. हे सांडूलाही कळत होतं. आणि ठिपका? इतक्या दिवसांत तो एकदाही चुकला नव्हता.

"भाई, गाडीवर जाऊ नका."

"क्यूँ?"

काय सांगणार? तुम्ही रिजेक्ट आहात म्हणून?

सांडूनं त्यांच्या हातातली किल्ली हिसकावली आणि हिरवं पाणी खालच्या टाकीत जातं, त्या जाळीतून आत टाकली.

जहांगीरभाईंनी त्याला दिलेल्या शिव्या इथं छापता येणार नाहीत. शेवटी ते एसटीनं गेले. सुखरूप पोचले. पुढं जावयानं दुसऱ्या किल्लीनं गाडी नेली, त्याच घाटानं. गाडीलाही काही झालं नाही.

म्हणजे सांडूनं त्यांना वाचवलं, की फुकटचा तमाशा केला?

रिजेक्ट केलेला दांडा खरंच तुटला असता का, हे कधीच कळत नाही. तो गाडीत जातच नाही.

जहांगीरभाई आता रिटायर आहेत. ठणठणीत आहेत. सांडूशी मात्र आजपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. ज्या माणसानं बघायला शिकवलं, त्यानं त्याच्याकडं बघणंच सोडलं. सांडूला याचं लई लागलं.

त्या दिवसापासून बूथमध्ये खडखड बंद झाली. स्टुलावरचा चहा गार होऊ लागला. सांडू पर्मनंट झाला, आणि आता प्रत्येक रेघ त्यालाच ठरवावी लागते. एकट्यानं. कधी एकच दांडा पुसत बसतो... पुसत बसतो...

इथवर असतं, तर मी हे लिहिलं नसतं.

गेल्या आठवड्यात कामावरून परतताना सांडू आमच्याकडं, उस्मानपुऱ्यात थांबला. पंख्याखाली पाठमोरा बसला होता.

"काय रे, मानेला पेंट लागलाय तुझ्या," मी म्हणालो.

त्याचा कप हवेतच थांबला.

"कंच्या बाजूला?"

"डाव्या."

त्यानं हळूच कप खाली ठेवला आणि मोटारसायकलची किल्ली माझ्या हातात दिली.

मी रॉकेलनं पुसलं. ठिपका गेला. सकाळी...

परत आला होता.

सांडू अजून आमच्याकडंच आहे. रजा टाकलीय. जिना उतरत नाही. जेवतो मात्र व्यवस्थित.

मीही आता आंघोळ झाली, की आईला मान दाखवतो.

"काही नाही रे बाबा," ती म्हणते.

पण तिच्या चष्म्याचा नंबर जुना आहे.

आणि काल ती जरा जास्तच वेळ बघत होती...