रिकाम्या फोल्डरचं रहस्य

"आक्का, माझा सख्खा भाऊ मला फसवतोय!" पाहुणीने रुमालाने आधी खुर्ची पुसली, मग टेबलाची कड पुसली, आणि मगच ती बसली.

आक्का खासगी गुप्तहेर. मास्तर हा तिचा धाकटा भाऊ, शाळेतून निवृत्त झाल्यापासून तिचा मदतनीस. आपली तिला मदत होते, असं त्याचं प्रामाणिक मत होतं.

पाहुणीची आणि तिच्या भावाची छोटीशी कंपनी होती. भाऊ प्रोग्राम लिहायचा, ती तपासायची. दुकानांच्या फाइली सर्व्हरवर पोचवणं हे प्रोग्रामचं काम. चाचणीत फाइल नीट पोचायची, पण उघडायला जावं तर फोल्डर रिकामं!

"तो चहाला गेला की फाइल जिथल्या तिथे. जागेवर आला की गायब. आज संध्याकाळी मी कंपनीची वाटणी मागणार आहे." बोलता बोलता तिने त्याच रुमालाने डोळे टिपले.

मास्तरला भारी वाईट वाटलं. चोर इतक्या लवकर सापडल्याचा आनंदही झाला.

त्यांच्या ऑफिसात जाऊन आक्काने भावाला सरळच विचारलं.

"ताईच्या फाइलीला मी बोटसुद्धा लावलेलं नाही," तो म्हणाला. हे सांगतानाही त्याचं टायपिंग चालू होतं, आणि दर ओळीला तो सेव्ह दाबत होता. "उलट सेव्ह केलं की तिच्याच चाचण्या आपोआप चालतील, अशी सोय केलीय मी. माझ्या चुका मलाच आधी कळतात, तिला त्रास नको."

सर्व्हर सांभाळणारे काका मात्र निवांत होते. "लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदवहीत, 'फाइल आली' एवढंच दिसतं. दोघांचा पासवर्ड एक, फोल्डरही एकच. बारीकसारीक नोंदी मी बंद ठेवल्यात. उगाच पसारा होतो."

"आज होऊ दे पसारा," आक्का म्हणाली. "कुठल्या मशीनवरून कुठला हुकूम आला, ते सगळं लॉगमध्ये उतरलं पाहिजे."

काकांनी सेटिंग बदलून सर्व्हर पुन्हा चालू केला. बहिणीने फाइल पाठवली. भाऊ आपल्या कामात होता. पडद्यावर ओळी उमटल्या: बहिणीच्या मशीनवरून 'स्टोर', म्हणजे ठेव. लगेच भावाच्या मशीनवरून 'डेले', म्हणजे पुसून टाक.

"पकडला!" मास्तर ओरडला.

"बस खाली," आक्का हसली. "मशीन त्याचं, पण हुकूम लिहिला कुणी? ताई, तुमच्या प्रत्येक चाचणीची पहिली पायरी कोणती?"

"आधी फोल्डर साफ करायचं..." बहिणीचा आवाज एकदम बारीक झाला.

"खुर्ची पुसल्याशिवाय बसत नाही, ती बाई फोल्डर तरी कसं सोडेल? आणि हे महाशय ओळीओळीला सेव्ह दाबतात. सेव्ह झालं की त्यांच्या मशीनवर तुमची चाचणी धावते आणि त्या एकाच फोल्डरमधली तुमचीच फाइल झाडून टाकते. ते चहाला गेले की सेव्ह नाही, म्हणून फाइल शाबूत!"

मास्तरचं तोंड उघडंच राहिलं. काका पोट धरून हसत होते.

"अरे, पण सोय केलीस ते मला सांगायचं नाही का?" बहीण म्हणाली.

"तू बोलत कुठे होतीस माझ्याशी?"

ती हसली, डोळे पुसले आणि खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसली.

"वाटणी मात्र मी करणार," ती म्हणाली. भावाचा चेहरा उतरला.

"फोल्डरची रे! एक तुझं, एक माझं. बाकी सगळं एकत्रच."