म्हाताऱ्याची अँटेना

सन २०१८, मे महिन्याची अठ्ठावीस तारीख, सोमवार. उन्हाळा संपत आला होता, पण भिंती अजून तापलेल्या होत्या. पावणेचारला कॉम्प्युटर दुरुस्त करणारा काम आटोपून घरी आला आणि स्वतःच्या कॉम्प्युटरपुढे बसला.

त्याची बायको दूरच्या इस्पितळात होती. घशात नळी, त्यामुळे बोलणं बंद. तिच्याजवळ मेहुणी राहिली होती, घर चालवायला हा इथे. रोज चार ते सव्वाचार बायको त्याला पडद्यावर बघायची आणि पाटीवर दोन शब्द लिहायची. उद्या तिचं ऑपरेशन होतं. डॉक्टरांनी आशा दाखवली नव्हती. आजची पंधरा मिनिटं तेवढी हातात होती.

चारला पाच कमी असताना वायफाय गेलं.

"लोकांची भूतं उतरवतो मी, आणि माझ्याच घरी?" तो पुटपुटला.

त्याने राउटर बंद करून चालू केला. ड्रायव्हर काढून पुन्हा टाकला. चॅनल बदललं. मग कॉम्प्युटरमागची दोन दांड्यांची अँटेना आवळायला गेला आणि हात झटकन मागे घेतला. एवढ्या उकाड्यात ती बर्फासारखी गार होती.

ती त्याची नव्हतीच.

हिवाळ्यात बायको इस्पितळात गेली त्याच आठवड्यात त्याची अँटेना मोडली. बाजारात मिळेना. गल्लीपलीकडे वरच्या मजल्यावर एक म्हातारा एकटा राहायचा. जन्मभर छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवलेला, मुलगा समुद्रापार. "दुकानात तपासून आणतो" म्हणून याने त्याची अँटेना काढून आणली आणि आपल्या कॉम्प्युटरला लावली.

"अरे, पोरगा तिकडे वाट बघतो रे," म्हातारा रोज खिडकीतून म्हणायचा.

"उद्या देतो, आजोबा."

"तुझा हा उद्या कुठल्या कॅलेंडरात छापलाय, ते तरी सांग."

नवव्या दिवशी म्हातारा खुर्चीतच गेलेला सापडला. हात माउसवर. पडद्यावर 'नेटवर्क सापडत नाही'. याने खांदा दिला. अँटेना दिली नाही.

आता नेटवर्कच्या यादीत एकच नाव होतं. 'जुळणी'. म्हाताऱ्याच्या राउटरला ते नाव यानेच दिलं होतं.

पासवर्ड ठाऊक होता. त्याने तो टाकला. पडदा उघडला, पण त्यात इस्पितळ नव्हतं. म्हाताऱ्याची खोली होती. रिकामी खुर्ची हळूहळू त्याच्याकडे वळत होती…

बटणांचा फोन वाजला. मेहुणी.

"भाऊजी, चार वाजले. ताई पडद्याकडे बघतेय… कुठे आहात?"

"आलो. तिला म्हणावं, आलोच."

त्याने अँटेना काढली आणि गल्ली ओलांडली. घरमालकिणीकडून किल्ली घेतली.

"वर काय काम काढलंत?" ती म्हणाली. "चार महिने झाले वीज तोडून."

"एक वस्तू ठेवायची आहे."

जिना अंधारा. खोलीत धूळ, बंद हवा आणि छापखान्याच्या शाईचा वास. खुर्ची रिकामी, पडदा काळा. तो गुडघ्यांवर बसला आणि चाचपडत कॉम्प्युटरच्या मागे अँटेना बसवू लागला. आटे जुळेनात. शेवटी जुळले.

वीज नसलेल्या राउटरवर हिरवा दिवा लागला.

फोन पुन्हा वाजला.

"भाऊजी, लागलं!" मेहुणी म्हणाली. मग तिचा आवाज खाली गेला. "पण… खुर्चीत तुम्ही नाही. हे आजोबा कोण?"

त्याने वर पाहिलं. खुर्ची रिकामीच होती.

"हाताने बोलावताहेत हो ताईला… आणि ताई हसतेय. भाऊजी… ताईने पाटी खाली ठेवली…"

पुढे तिचं रडणं तेवढं ऐकू येत राहिलं.

त्याने फोन जमिनीवर ठेवला. अँटेनाचा एक आटा राहिला होता, तो आवळला. ज्याची वस्तू त्याला पोचली.