कोठ्याचं अर्थिंग

तळेगावच्या बंडूजींना दोन गोष्टींचा अभिमान होता. एक आपल्या पऱ्हाटीचा, म्हणजे कपाशीच्या पिकाचा, आणि दुसरा आपण वायरमनशिवाय वायरिंग करतो याचा. पऱ्हाटीबद्दल गावात कोणाचं दुमत नव्हतं. वायरिंगबद्दल मात्र त्यांच्या बायकोचं, अनुसयाबाईंचं, मत वेगळं होतं आणि ते त्या पाहुण्यांसमोरही लपवत नसत.

घरामागच्या गुरांच्या कोठ्यात बंडूजींनी वीज नेली होती ती अशी: स्वयंपाकघरातल्या बोर्डातून दोन वायरी काढून, कपडे वाळत घालायच्या तारेवरून, धोतरं-लुगड्यांच्या संगतीनं थेट कोठ्याच्या आढ्यापर्यंत. तिथं एक बल्ब, आणि खाली कडबा कापायचं कुट्टी मशीन. एवढ्या सोयीवर बंडूजी खूश होते. तसे ते बहुतेक गोष्टींवर खूशच असत.

२००५ सालच्या चैत्रात एका सकाळी सून अंजू म्हैस दोहून आली आणि म्हणाली, "मामाजी, बालटी चावते."

"बालटी?"

"हाव. मशीनले टेकली का हातातून झिणझिण्या जातात."

अंजूला तेव्हा नुकतेच दिवस गेले होते. तिचा नवरा प्रफुल वर्ध्याला नोकरीला, यायचा तो शनिवारी. लग्नानंतर बरीच वर्षं डोळे लावून बसल्यावर घरात पाळणा हलणार होता. ओली जमीन, अनवाणी पाय आणि पोटुशी पोर.  बंडूजींनी आपला अभिमान गुंडाळून ठेवला आणि बाजारातल्या मुकेश वायरमनला बोलावणं धाडलं.

मुकेश आला, खर्रा चघळत वाळत घातलेल्या कपड्यांमधून जाणाऱ्या वायरी पाहत राहिला. आधी हसला, मग हसायचं थांबला.

"बंडूजी, इथं आतापर्यंत कोणी मेलं काऊन नाई?"

त्यानं पाइपातून नवी लाइन नेली, कोठ्याला वेगळा मेन स्विच बसवला, वेगळे फ्यूज दिले. मग म्हणाला, "आता कोठ्याचं आपलं अर्थिंग पाह्यजे. खड्ड्यात पत्रा पुरायचा, कोळसा अन् मीठ भरायचं, अन् त्याची तार मशीनच्या अंगाले जोडायची. करंट बाहेर निघाला तर त्याले माणसापेक्षा सोपा रस्ता पाह्यजे. फक्त जागा ओलीची पाहा."

काळ्या रानात ऐन उन्हाळ्यात ओल आणायची कुठून? जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडलेल्या. तेव्हा बंडूजींना कोठ्यामागच्या हिवराच्या झाडाखालची जागा सुचली. दोन वर्षांपूर्वी त्यांचा भुऱ्या बैल तिथंच पुरला होता. बैल पुरताना मीठ टाकतातच, भुऱ्यासाठी तर बंडूजींनी गोणीच रिकामी केली होती. माती भुसभुशीत आणि मीठ आयतं. या हिशेबावर ते जाम खूश झाले.

"तिथं काऊन?" अनुसयाबाई दारातून म्हणाल्या. "झोपू द्या ना त्याले."

"अवं, तो घरचाच हाये. घरच्याच कामाले येऊन राह्यला."

खड्डा कंबरेपेक्षा खोल गेला. माती गार आणि चिकट निघाली, वर ऊन मी म्हणत असताना. हाडं मात्र लागली नाहीत. एकही नाही. बंडूजींनी आजूबाजूला फावडं घालून पाहिलं आणि म्हणाले, थोडं इकडंतिकडं झालं असेल. मुकेशनं पत्रा ठेवला, कोळसा-मीठ भरलं, आणि आपल्या टेस्टिंगच्या बल्बचं एक टोक फेजला, दुसरं नव्या तारेला लावलं. बल्ब लख्ख पेटला.

"असं अर्थिंग मी उभ्या जन्मात पाह्यलं नाई," तो म्हणाला. "आता आठ दिवसांतून एक बकेट पाणी टाकत जा."

बालटी चावायची थांबली. पाणी टाकायचं काम अंजूनं आपल्याकडे घेतलं. ती बादली ओतायची आणि खड्डा ते घटाघट पिऊन टाकायचा. दुसरी ओतली तर दुसरीही. ती आठ दिवसांची वाट न पाहता रोज ओतू लागली. सरकीची ढेप म्हशीला घालताना मूठभर तिथंही ठेवू लागली. का, असं अनुसयाबाईंनी विचारलं तर म्हणाली, "ठेवावंसं वाटते." ढेप सकाळपर्यंत नाहीशी व्हायची. गावात कुत्री काही कमी नव्हती.

ते दिवस खरोखर सुखाचे होते. पाऊस वेळेवर आला, पऱ्हाटी तरारली, अंजूच्या गालावर तेज चढलं. फक्त लोडशेडिंग वाढलं होतं. दिवेलागणीलाच वीज जायची, सगळं गाव काळंठिक्कर व्हायचं, आणि अंजू मात्र निवांत म्हैस दोहून यायची.

"कंदील तरी नेत जा, पोरी," बंडूजी एकदा म्हणाले.

"कायले? बत्ती राहते ना थोडीशी."

बंडूजी हसले. मग उठले आणि कोठ्यात गेले.

बल्बची तार लालसर पेटली होती. पाहता पाहता ती उजळली, मग मंदावली, आणि पुन्हा उजळली. अगदी सावकाश. खाली म्हैस डोळे मिटून रवंथ करत होती. बंडूजींनी पहिला विचार केला तो चोरीचा: कोणीतरी आकडा टाकून परतीचा करंट जमिनीत सोडत असणार. पण गावात तर वीजच नव्हती. त्यांनी मेन स्विच खाली ओढला. बल्ब तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी त्याच वेळी मुकेश आला. त्यानं दोन्ही फ्यूज उपसून खिशात घातले. बल्ब उजळला, मंदावला. त्यानं टेस्टर लावला, तो पेटला नाही. शेवटी त्यानं बोर्डावर येणाऱ्या अर्थिंगच्या तारेचा नट ढिला केला.

अंधार झाला. म्हैस तटकन उठून उभी राहिली.

नट आवळला. उजेड आला.

"बत्तीले अर्थिंग जोडलंच नाई मी," मुकेश हळू आवाजात म्हणाला. "काढून टाका हे, बंडूजी. दुसरीकडं करू."

बंडूजींनी रात्रभर विचार केला. काढलं आणि दुसऱ्या जागी असं अर्थिंग साधलं नाही, तर बालटी पुन्हा चावेल. पोर सातव्यात होती. आणि हा उजेड आजवर काही मागत तर नव्हता. "देतेच आहे ना," ते अनुसयाबाईंना म्हणाले, "घेत तर काही नाई." अनुसयाबाईंनी पाठ फिरवून गोधडी डोक्यावरून ओढली. तरी अर्थिंग राहिलं.

भादव्यातल्या एका दुपारी वीज होती. अंजू कुट्टी करत होती, बंडूजी अंगणात दोर वळत बसले होते. कोठ्यातून ताडकन आवाज आला आणि निळा लोळ दिसला.

ते धावले.

मशीनची वायर जळून मशीनच्याच अंगाला चिकटली होती. फ्यूज उडाले होते. अंजू मशीनपासून हातभर मागे, ओल्या जमिनीवर उभी होती. एक हात पोटावर.

"लागलं का, पोरी?"

"नाई, मामाजी." ती शांत होती. "मागून धक्का देल्ला मले. असा अंगानं."

"कोणं?"

 तिच्या मागे कोणी नव्हतं. म्हैस पलीकडे खुंट्याला होती.

मुकेश सायकल दामटत आला. अर्थिंगनं काम चोख केलं, नाहीतर आज आक्रीत होतं, असं सगळ्यांना सांगत हिवराखाली गेला. त्यानं जमिनीतून वर आलेली तार सहज ओढून पाहिली. ती अलगद हातात आली.

टोक हिरवं पडलं होतं, मिठानं खाऊन टाकलेलं.

"ही कालपरवाची नाई तुटली," तो म्हणाला. "महिना झाला असंल. ही कशालेच जोडून नव्हती, बंडूजी."

कालच संध्याकाळी बल्ब उजळला होता.

यावेळी बंडूजींनी कोणी सांगायची वाट पाहिली नाही. पाण्याच्या टाक्याजवळ, जिथं आता भरपूर ओल होती, नवं अर्थिंग झालं. जुना खड्डा बुजवला. लोडशेडिंगमध्ये कोठा इतर कोठ्यांसारखा अंधारा राहू लागला आणि अंजू गुमान कंदील नेऊ लागली. बंडूजींना हायसं वाटलं. थोडं चुकल्यासारखंही वाटलं, पण ते त्यांनी कोणाला सांगितलं नाही.

पुढच्या तपासणीला ते स्वतः अंजूला घेऊन सरकारी दवाखान्यात गेले. करंटच्या प्रकारानंतर त्यांना बाळाची काळजी होतीच. मंदाबाई सिस्टर जुन्या अनुभवी. त्यांनी नळी पोटाला लावून कान दिला, बराच वेळ. नळी सरकवली, पुन्हा ऐकलं. मग अंजूची नाडी धरून तिसऱ्यांदा ऐकलं.

"बाळ ठीक आहे ना, बाई?" पडद्याबाहेरून बंडूजींनी विचारलं.

"बाळ मस्त आहे. ठोके भरभर येऊन राह्यले." मंदाबाई थांबल्या. "पण खाली अजून एक ठोका लागते. मले वाटलं, आईची नाडी असंल. पण ते जमत नाई. हा लयच सावकाश हाये."

"किती सावकाश?"

मंदाबाईंनी कान तसाच ठेवून, पडद्याच्या लोखंडी दांडीवर बोटानं ताल दिला. एक. मग बराच वेळ काही नाही. मग एक.

हा ताल बंडूजींनी पाहिला होता, कोठ्यातल्या बल्बात.

"जुळं असंल का?" मंदाबाई अर्धवट स्वतःशीच म्हणाल्या. "पोरी, दोन जीव फिरल्यासारखे वाटतात का तुले?"

अंजूनं पदर सारखा केला. ती हसत होती, अगदी समाधानानं.

"नाई. फिरते तो एकच," ती म्हणाली. "दुसरा नुसता उभा राहते."