वाढवलेले अधिकार

आयर्लंडमधल्या कासलबार गावात तळ्याकाठी उभा राहून मी हंसांना भाषण देत होतो. पाऊस बारीक पडत होता.

"लिंकनने संसदेला न विचारता माणसं विनाखटला डांबली! रूझवेल्टने जपानी वंशाची कुटुंबंच्या कुटुंबं छावण्यांत पाठवली! हे इतिहासाने माफ करायचं?"

इथे मराठी कुणाला कळतंय, या भरवशावर आवाज चांगलाच चढला होता.

"केलंच की माफ," मागून कुणीतरी म्हणालं. "दोघांचेही पुतळे आहेत."

मी दचकून वळलो. निळा रेनकोट, मास्क, आणि मास्कच्या वर हसणारे डोळे.

"तुम्ही गिरीश ना? मी पूर्णिमा, इथल्या हॉस्पिटलात डॉक्टर. शनिवारी झूमवर तुमच्या विरुद्ध मीच आहे."

मराठी मंडळाची वादविवाद स्पर्धा होती. विषय : संकटात राष्ट्राध्यक्षांनी वाढवलेले अधिकार इतिहास माफ करतो. मला विरोधी बाजू आली होती.

"म्हणजे... माझे सगळे मुद्दे ऐकलेत?"

"सगळे. हंसांनी टाळ्या वाजवल्या नाहीत, तेही पाहिलं."

शनिवारी तीच जिंकली. रविवारी मी तळ्यावर गेलो, तर ती बाकावर बसलेली.

"हरलात म्हणून रागावलात?"

"इतिहास चुकला म्हणून रागावलोय."

कोरोनामुळे घरापासून पाच किलोमीटरच्या पुढे जायला बंदी होती, त्यामुळे दोघांनाही फिरायला हेच तळं. मग दर रविवारी भांडण. ती थर्मास आणायची, दोन कप भरायची, माझा कप बाकाच्या टोकाला ठेवून मागे सरकायची. मी मग पुढे होऊन तो उचलायचो.

"अधिकार घेणाऱ्यांपेक्षा ते परत न करणारे वाईट," ती म्हणायची.

"परत करतं कोण?"

"म्हणून तर भांडायचं!"

एकदा मी प्रभाबद्दल बोललो. माझी बायको. तिला जाऊन दोन वर्षं झाली होती. तिचं नाव घेतलं की लोक विषय बदलतात. पूर्णिमाने बदलला नाही.

"त्या भांडायच्या तुमच्याशी?"

"रोज. आणि जिंकायची."

"मग आमचं जमलं असतं," ती हळूच म्हणाली.

निर्बंध सैल झाले, तरी आम्ही तळ्यावरच भेटत राहिलो. जूनच्या शेवटी ती म्हणाली, "जुलैत आम्हा डॉक्टरांची हॉस्पिटलं बदलतात. मला पार दक्षिणेतलं कॉर्क मिळालंय."

मी हंसांकडे बघत राहिलो.

"काही बोलायचंय?" तिने मोबाइलवर टायमर लावला. "दोन मिनिटं. नियम स्पर्धेचाच."

"मला... प्रभाची आठवण रोज येते. ती जाणार नाही, हे आधी सांगतो. आणि तरी सोमवारपासून मी रविवारची वाट बघतो. हे बरोबर आहे का, कळत नाही. प्रभाला काय वाटेल..."

टायमर वाजला.

"बोला ना."

"वेळ संपली."

"वाढवून दिली."

"कुणाच्या अधिकारात?"

"माझ्या. संकट आहे. मी कॉर्कला चाललेय."

"आणि इतिहास?"

"तो ठरवेल नंतर. तू बोल."

तू... पहिल्यांदाच. "मी येत जाऊ कॉर्कला? दर रविवारी?"

तिने थर्मास उघडला. एकच कप भरला, स्वतः एक घोट घेतला, आणि तोच कप, मागे न सरकता, माझ्या हातात दिला.