थांबांक

इंदुमतीबाई ढमढेरे रस्त्याच्या कडेला हात दाखवून उभ्या होत्या. डाव्या हातात जेवणाचा डबा, उजवा हात कोपरातून वर, पंजा गाड्यांकडे. पुण्यात रस्ता असाच ओलांडायचा, हे त्यांना आईने शिकवलं होतं. हात दाखवायचा, गाडीवाल्याच्या डोळ्यांत बघायचं आणि निघायचं. आता गाड्यांत डोळेच नव्हते. चालकाविना, आवाज न करता, एकमेकींत सारखं अंतर ठेवून त्या इंदुमतीबाईंच्या पदरापासून वीतभर अंतरावरून जात होत्या. एकही जरा हळू होत नव्हती.

पलीकडे दवाखाना होता. तिथे दुसऱ्या मजल्यावर त्यांचे यजमान भास्करराव. अर्धांगवायूने त्यांची वाचा गेली होती आणि ते फक्त इंदुमतीबाईंच्या हातून जेवत. नर्सने चमचा पुढे केला की तोंड मिटून घेत आणि दाराकडे बघत राहत.

इतक्यात कानात गाणी लावलेला एक तरुण मान खाली घालून सरळ रस्त्यात उतरला. त्याच्यापुढच्या गाड्या नम्रपणे थांबल्या. इंदुमतीबाई त्याच्या मागोमाग निघाल्या, पण पहिल्याच पावलाला पाय किंचित अडखळला आणि गाड्यांची रांग पुन्हा सुरू झाली. तरुण एव्हाना पलीकडे पोचला होता. त्याला कशाचा पत्ताही नव्हता.

यात अन्याय वगैरे काही नाही, असं शहराचं म्हणणं. यात फक्त विज्ञान होतं.

पूर्वी हे शहर पायी चालणाऱ्यांना रोज चिरडत असे. मोडलेल्या हाडांच्या माणसांनी दवाखान्यांचे मजले भरलेले असत. खुद्द इंदुमतीबाईंना याच रस्त्यावर एका मोटारसायकलने उडवलं होतं आणि त्यांच्या खुब्यात तेव्हापासून सळई होती. मग एक साधी गोष्ट शास्त्रज्ञांच्या ध्यानात आली. माणूस पाऊल उचलतो त्याच्या आधीच त्याच्या शरीराचा निर्णय झालेला असतो. वजन टाचेवर आहे की चवड्यावर, गुडघा किती ताठ आहे, खांदे कुठे कलले आहेत, हे नीट वाचलं तर तो पुढच्या क्षणी काय करणार ते कळतं. खांबाखांबावरचे कॅमेरे ते वाचू लागले आणि रस्त्यावरच्या प्रत्येकाला एक आकडा मिळाला. त्याचं नाव थांबांक. गाडी येताना दिसली तर हा माणूस थांबण्याची शक्यता शंभरात किती, ते हा आकडा सांगायचा. थांबांक कमी असेल तर गाडी थांबते. जास्त असेल तर गाडीने कशाला थांबायचं? माणूस थांबणारच आहे.

सिग्नल निघाले, झेब्रा पट्टे पुसले गेले, पादचारी पूल भंगारात गेले. चार वर्षांत एकाही चालणाऱ्याला साधं खरचटलंसुद्धा नाही. परदेशी पाहुणे हे नवल बघायला येत आणि त्यांना श्रीखंड खाऊ घातलं जाई.

इंदुमतीबाई तक्रार घेऊन गेल्या त्या थांबांकाच्या जनक डॉ. नीलांबरी परचुरे यांच्याकडे. नीलांबरी चाळिशीची, चटपटीत आणि मनाने चांगली. तिने इंदुमतीबाईंचा आकडा पडद्यावर काढला.

"काकू, तुमचा थांबांक अठ्ठ्याण्णव आहे."

"म्हणजे चांगला का?"

"म्हणजे तुम्ही थांबताच. पडल्यापासून तुमचं शरीर घाबरलंय. आणि तुम्ही हात दाखवता ना, ते तर फारच वाईट."

"हात दाखवणं वाईट?"

"सुरुवातीला यंत्रणा हात बघून थांबायची. मग तिच्या लक्षात आलं, की हात दाखवणारा माणूस वाट बघतो. गाडी नाही थांबली तर तो मागे सरतो. जो खरंच जाणार असतो तो विचारत बसत नाही."

इंदुमतीबाईंनी मांडीवरचा आपला हात पाहिला. "म्हणजे जो विचारतो त्याला वाट नाही."

"तसं नाही हो काकू."

"मग कसं?"

नीलांबरीने चहा मागवला. इंदुमतीबाईंनी सगळं सांगितलं. गाडी मागवली तर यंत्रणा म्हणते, अंतर चालण्याजोगं आहे. आधी लांबच्या देवळात जाऊन तिथून दवाखान्यात गेलं, तर चार दिवसांत विनाकारण प्रवास म्हणून तेही बंद केलं. शेजारीण हात धरून न्यायची, पण हात धरला की तिचाही थांबांक चढायचा, तीही कडेला अडकायची. आता तीही टाळते.

"माझ्यापुरतं काही करता नाही येणार? जेवणाच्या वेळेला तेवढं. ते दाराकडे बघत बसतात हो."

नीलांबरीला करता आलं असतं. पण एकाला सवलत दिली की हजारो म्हातारे दारात उभे राहतील, गाड्या खोळंबतील, मागून धडकतील आणि अपघातांचं ते सुंदर शून्य मोडेल. "तुम्ही सराव करा," ती म्हणाली. "न थांबता चालायचं. मनापासून मात्र. नुसता आव आणला तर पाय लगेच चुगली करतात. मी रोज कुठे थांबते?"

इंदुमतीबाई उठल्या. दाराशी वळून त्यांनी विचारलं, "अपघात शून्य म्हणता. जे पलीकडे पोचलेच नाहीत ते कशात धरता?"

"तो अपघात नाही ना, काकू."

बाईंनी सराव केला. घरातल्या बोळात त्या ताठ मानेने चालत. रस्त्यावर आलं की गुडघा ऐकायचा नाही आणि हात आपोआप वर जायचा. रोज डबा तसाच घरी परत यायचा. नर्स फोनवर सांगायची की आजोबांनी आजही तोंड उघडलं नाही, नळीने देतोय.

मंगळवारी दुपारी त्या अशाच कडेला उभ्या असताना फोन वाजला. नर्सच होती. भास्करराव गेले होते. अगदी आत्ता, ती म्हणाली. दाराकडेच बघत होते.

इंदुमतीबाईंनी फोन पिशवीत ठेवला. मग त्या रस्त्यात उतरल्या.

संध्याकाळी त्यांना नीलांबरीचा फोन आला. बाईंचा आकडा तिने मुद्दाम नजरेखाली ठेवला होता आणि तिला आनंद आवरत नव्हता. "काकू, जमलं तुम्हाला! आज दुपारी शून्य. अठ्ठ्याण्णववरून थेट शून्य. असं मी आजवर पाहिलं नाही."

"हो," इंदुमतीबाई म्हणाल्या. "सगळ्या थांबल्या. दोन्ही बाजूंच्या."

"केलंत काय नेमकं? सांगा मला. तुमच्यासारख्या कितीतरी लोकांना शिकवता येईल."

फोनवर मागे कुणी तरी दर्भ आणि कापूर आणायला सांगत होतं.

"शिकवण्यासारखं काही नाही हो, मॅडम. हे गेले असा फोन आला होता. मग म्हटलं, गाडीने उडवलं तरी चालेल. पाय आपोआप निघाले."

फोन ठेवल्यावर नीलांबरीने पडद्यावर आपला अहवाल काढला. थांबांक शून्य असलेल्यांचा एक वेगळा गट त्यात होता. त्याला तिने हौसेने नाव दिलं होतं, निर्धास्त. तो गट दरवर्षी वाढत होता आणि शहराचा आत्मविश्वास वाढतोय, असं तिने भाषणात सांगितलं होतं, टाळ्याही घेतल्या होत्या. त्यातलं कोण कशामुळे निर्धास्त झालं होतं, हे तिने कधी विचारलं नव्हतं.

ती घरी निघाली. समोरच्या वळणावर ती कधीच थांबत नसे. आज कडेला आल्यावर तिला दूरवरून येणारी गाडी दिसली, ती किती जड असेल ते मनात आलं, घरी वाट बघणारी मुलगी आठवली आणि तिचा हात आपोआप वर गेला.

गाडी वेग कमी न करता तिच्यासमोरून गेली. मागची गाडी पण. नीलांबरी हात वर करून उभी राहिली.