काड्यांचं दार

कवळीकाका किराणा दुकानात खाण्याचा सोडा घ्यायला गेले आणि तब्बल सहा पुड्या घेऊन आले. दुकानदाराने विचारलं, काका, बेकरी काढताय का? काका म्हणाले, बर्फ पाडायचाय. दुकानदाराने पुढे विचारलं नाही. काकांना पुढचं विचारून कोणाचंच कधी भलं झालं नव्हतं, कारण ते सगळं सांगत बसायचे.

चाळीस वर्षं काकांनी लोकांच्या कवळ्या घडवल्या, म्हणून हे नाव. निवृत्त झाल्यावर हातांना चैन पडेना, तेव्हा काकूंनी त्यांना आपल्या छंदात ओढलं. परीकथेतल्या योद्ध्यांचे, चेटकिणींचे, राक्षसांचे बोटभर पुतळे काकू रंगवायच्या आणि ते पुतळे जिच्यावर उभे राहायचे ती जमीन काका करायचे. दगड, दलदल, जळकं रान, पडकी भिंत. माणसं तिची, जमीन त्यांची, अशी वाटणी ठरलेली होती. दुपारी जेवण झालं की काका तासभर झोपायचे आणि काकू खिडकीच्या उजेडात बसून रंगवायच्या.

काकू जाऊन वर्ष होत आलं होतं. त्यांच्या खणात एकच पुतळा अर्धवट उरला होता. अंगठ्याएवढा हिमराक्षस, शिंगं वाकडी, पायांना तीन-तीन बोटं. निळसर कातडी, मानेवरची लव, पिवळट नखं, सगळं तिने रंगवलं होतं. दातांचा रंग तर तिने काकांनाच विचारून लावला होता. फक्त डोळ्यांच्या जागी अस्तराचा राखाडी रंग तसाच होता. तेव्हा काकांनी विचारलंही होतं की एवढं झालं, मग डोळे का नाहीत?

"याला नकोत," काकू म्हणाली होती. "याला दिसायला लागलं ना, की..." आणि हसून तिने पुतळा खणात ठेवून दिला होता.

ते वाक्य काकांच्या डोक्यात वर्षभर घोळत होतं. दिसायला लागलं की काय? चौकसपणा हा त्यांचा जुना आजार, आणि त्याला औषध नव्हतं. शिवाय तिचं काम अर्धं राहिलंय हे त्यांना बघवत नव्हतं. शेवटी त्यांनी ठरवलं की जमीन आपण करायची आणि डोळेही आपणच रंगवायचे.

एका फळीवर त्यांनी बर्फाचं माळरान केलं. खाली डिंकात कालवलेला सोडा, वर नुसता भुरभुरीत थर. मधोमध एक झोपडी, म्हणजे थर्माकोलचा भरीव ठोकळा आणि त्यावर काडेपेटीच्या काड्यांच्या फळ्या. दाराला चार काड्या उभ्या चिकटवल्या आणि मोहरीएवढा मणी कडी म्हणून लावला. एका कोपऱ्यात राक्षसाच्या तळपायात तार घालून तो पक्क्या गोंदाने रोवला. मग भिंग डोळ्याला लावून, श्वास रोखून, तीन केसांच्या ब्रशने दोन पिवळे ठिपके दिले आणि त्यांत दोन काळे. जमलं. काका जेवले आणि झोपले.

उठून बघतात तर बर्फावर पावलं होती.

तांदळाच्या दाण्याएवढी, अनवाणी. फळीच्या कडेपासून निघून झोपडीच्या दारापर्यंत गेलेली आणि तिथे थांबलेली. काका घाबरले नाहीत, हे खरं सांगायला हवं. ते भिंग घेऊन धावले. डाव्या पावलाची करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली होती, प्रत्येक ठशात. त्यांनी मुलीला फोन लावला आणि उगाच इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर विचारलं की आईच्या डाव्या पायाची करंगळी कशी होती गं?



"शेजारच्या बोटावर चढलेली," मुलगी म्हणाली. "बाबा, का?"

काकांनी काहीतरी थाप मारली. फोन ठेवल्यावर ते खूप वेळ रडले, आणि वर्षभरात पहिल्यांदा ते रडणं सुखाचं होतं. ती आली होती. ती पुन्हा यावी, एवढंच आता त्यांना हवं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी रुंद ब्रशने बर्फ सारखा केला, वर नवा सोडा भुरभुरला आणि खुर्ची ओढून समोरच बसले. तासभर काही झालं नाही. मग दहा मिनिटं डोळा लागला असेल नसेल, आणि जाग आली तेव्हा पावलं उमटलेली होती. पण आज टाचा टेकलेल्या नव्हत्या. नुसते चवडे, लांब लांब अंतरावर. ती पळत आली होती. दारापुढचा बर्फ तुडवून तुडवून विस्कटला होता.

आणि राक्षसापासून निघालेले चार ठसे होते, तीन-तीन बोटांचे.

राक्षस जागच्या जागी होता. काकांनी चिमट्याने हलवून पाहिलं, तार जराही हलली नाही. जोर लावला असता तर निघाला असता, पण तुकडे होऊन. त्याच्या अंगावरची प्रत्येक रेघ तिच्या हाताची होती, तिची शेवटची. काकांचा हात धजावला नाही. त्यांनी अस्तराचा राखाडी रंग घेतला आणि दोन्ही डोळ्यांवर फासून ते बुजवून टाकले. दिसायला लागलं की काय, ते त्यांना आता कळलं होतं.

तिसऱ्या दुपारी तीन बोटांचे ठसे वेडेवाकडे होते. पुढे, मागे, गोल फिरून पुन्हा पुढे, अंधारात माणूस चाचपडत जातो तसे. पण ते दारापासून बोटभर अंतरावर आले होते. आणि तिची पावलं झोपडीभोवती तीनदा फिरून परत दाराशी आली होती. तिथे, चिकटवलेल्या काड्यांवर, नखांनी ओरबाडल्यासारख्या बारीक रेघा होत्या.

काकांनी बोटाने दार ढकलून पाहिलं. दार उघडत नव्हतं. उघडणार कसं? आत खोलीच नव्हती. इतकी वर्षं त्यांनी घरं केली ती सगळी अशीच, बाहेरून घर आणि आतून ठोकळा. बघणाऱ्याला पुरतं, एवढाच विचार. त्या घरात कोणाला शिरावं लागेल हे त्यांच्या कधी मनातही आलं नव्हतं.

चौथ्या दिवशी सकाळपासून ते कामाला लागले. कवळीच्या मेणावर चालवायची बारीक सुरी घेतली, झोपडीचं छप्पर सोडवलं आणि आतला थर्माकोल चिमूटचिमूट कोरून काढला. खोली झाली. आत काडीचा पलंग ठेवला, कापसाची गादी घातली. दाराच्या काड्या सोडवून त्यांना दोऱ्याच्या बिजागऱ्या केल्या. मग छप्पर परत चिकटवलं. कडी मात्र बाहेरच राहिली, आतून बसवायला जागा नव्हती.

"ये आता," ते दाराशी वाकून म्हणाले. "उघडं ठेवलंय..."

मग बर्फ सारखा केला, स्वतःच्या झोपायच्या खोलीत जाऊन डोक्यावरून पांघरूण घेतलं आणि झोप लागेपर्यंत भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

उठले तेव्हा चार वाजले होते. ते लगबगीने आले, आणि दार बंद दिसलं. बोटाने ढकललं तर हललं नाही. आत कडी नव्हती, म्हणजे कोणीतरी ते आतून दाबून धरलं होतं. तिची पावलं सरळ दारापर्यंत जाऊन उंबऱ्यावर संपली होती. काकांच्या छातीवरचं ओझं उतरलं. पोचली एकदाची, असं ते मोठ्याने म्हणाले.

मग सवयीने त्यांनी भिंग उचललं.

राक्षसाचा पुतळा कोपऱ्यात रोवलेलाच होता, पण त्याचे ठसेही दारापर्यंत होते. आज ते चाचपडत गेलेले नव्हते. माहीत असलेल्या वाटेने जावं तसे सरळ गेले होते, आणि परत फिरलेला एकही नव्हता. काकांनी उंबरा पुन्हा पुन्हा पाहिला, कारण त्यांना ते खोटं ठरायला हवं होतं. तिथे एक तीन बोटांचा ठसा होता आणि त्याच्या बरोब्बर वर, त्याला अर्धा मोडत, तिचं डावं पाऊल पडलं होतं. तिचं पाऊल वर होतं. म्हणजे ती नंतर आली होती. तो आधीच आत जाऊन बसला होता.

काकांनी सुरी उचलली. छप्पर कापायला दोन मिनिटं पुरली असती. सुरी टेकवणार तोच त्यांना दाराखालच्या फटीशी सोड्याची भुकटी हललेली दिसली. जराशी बाहेर आली, मग आत ओढली गेली. पुन्हा बाहेर, पुन्हा आत. काकांनी स्वतःचा श्वास रोखला तरी ती हलतच होती.

काकूला दमा होता. तिचा श्वास आयुष्यभर उथळ आणि घाईचा.

हा श्वास सावकाश चालला होता.